जाळखिंडीचं रिंगण

पाव्हणं, बसा जरा सावलीला, आणि मला एक सांगा. तोंडात साखर घेऊन बोलणारा माणूस आणि काही न बोलता नुसता हात पुढे करणारा माणूस, असे दोघे समोर आले, तर विश्वास कुणावर ठेवाल? लगेच उत्तर देऊ नका. या बाजारात लगेच दिलेल्या उत्तराला भाव नाही.

ही समोरची चिंच बघा. तिच्याभोवती बैलगाडीच्या चाकोरीसारखं गोल रिंगण दिसतं ना? आत गवत, बाहेर गवत आणि मधल्या पट्ट्यात काडी नाही. श्रावणात सगळा डोंगर हिरवा होतो, हा पट्टा तेव्हाही भाकरीच्या तव्यासारखा उघडा. आणि बाजार ऐका. गुरं हंबरतात, घंटा वाजतात, माणसं हवापाण्याचं बोलतात, पण किंमत कुणी तोंडाने उच्चारत नाही. घेणारा आणि देणारा लुगड्याच्या फडक्याखाली हात घालतात, बोटं दाबतात, आणि सौदा होतो. फडकं बाईच्या जुन्या लुगड्याचंच लागतं, नवं कापड चालत नाही. या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच, असे सांगतात. मूळ म्हणजे एक बैल, एक बाई आणि हैबती हेडी.

हेडी म्हणजे गुरांचा दलाल. हैबतीसारखा हेडी या घाटावर पुन्हा झाला नाही. लंगड्या बैलाला तो ‘जपून पाऊल टाकणारा’ म्हणायचा आणि म्हाताऱ्याला ‘समजूतदार’. एकदा म्हणे त्याने आंधळी म्हैस विकली. घेणारा आठ दिवसांनी भांडायला आला, तर हैबती म्हणाला, “अरे, तिला तुझं घर बघवत नाही, त्याला मी काय करू?” भांडायला आलेला माणूस हसत हसत जेवून गेला. मीही गेली चाळीस वर्षं या खिंडीत सरकी-पेंड विकतो, चार गोड शब्द मलाही लागतात. पण जीभ कुठे थांबवावी ते धंद्यात कुणी शिकवत नाही. ते ज्याचं त्याने शिकायचं, आणि त्याची किंमत मोठी पडते.

खालच्या वाडीत केरबा गवळी राहायचा. त्याला आई नसलेली एक लेक, धुरपदा. तिने एक पाडा वाढवला होता. तांबडा रंग आणि अंगावर कवडीएवढे पांढरे ठिपके, म्हणून नाव कवड्या. तान्हा असताना बिबट्याने त्याचा कान धरला होता. धुरपदाने सहा महिने हळद भरून ती जखम वाळवली. जखम भरली, पण कानामागे सुपारीएवढी गाठ राहिली. केरबाने भाकरीवर हात ठेवून लेकीला शब्द दिला होता, “हा तुझा. याला दावणीवरनं कुणी हलवणार नाही.”

धुरपदा चार दिवस मावशीकडे गेली आणि तेवढ्यात हैबती वाडीवर आला. सकाळी आला, दुपारपर्यंत बोलला, आणि संध्याकाळी कवड्या त्याच्या मागे चालत निघाला. लेक परत आली तेव्हा खुंट्याला नुसतं तुटकं दावं होतं. तिने बापाकडे एकदा पाहिलं. भांडली नाही, रडली नाही. त्या दिवसापासून ती बोलायचीच थांबली.

सव्वा वर्ष गेलं. वैद्य झाले, नवस झाले. शेवटी केरबाने चारचौघांत सांगून टाकलं, “जो हिला बोलती करील, त्याला ही दिली.” मग काय, रांग लागली. एकाने नाचून दाखवलं. एक जण “साप! साप!” म्हणून ओरडला, तर तिने शांतपणे काठी आणून त्याच्या हातात दिली.

हैबतीने ही गोष्ट बाजारात ऐकली आणि हसून म्हणाला, “मी दगडाला बोलतं केलंय, मग बाईमाणूस काय अवघड?” पैज लावून, मुलगी कुणाची ते न विचारताच, तो वाडीवर आला. दारात पाऊल टाकलं आणि त्याला खुंटा दिसला. तुटकं दावं अजून तिथेच होतं. आपणच विकत नेलेल्या पाड्यासाठी ही मुलगी मुकी झालीय, हे त्याला त्या क्षणी कळलं. दुसरा कुणी असता तर मागे फिरला असता. हैबती खुंट्यासमोर मांडी घालून बसला आणि मुलीकडे पाठ करून त्या खुंट्याशीच बोलू लागला.

“काय रे खुंट्या, सुकलास की! तुझ्या कवड्याची खबर नाही वाटतं तुला? अरे, तो गोदाकाठच्या पाटलाच्या दावणीला आहे. पितळी घंटा आहे गळ्यात. रोज गुळाचा खडा मिळतो. पोळ्याला पहिला मान त्याचा. परवा भेटलो, तर माझा हात चाटला त्यानं. तुझ्या घरचा वास आला असणार.”

मागून आवाज आला. वापर नसल्याने गंजलेला, बारीक.

“खरंच?”

हैबती वळला. त्याने तिचे डोळे पाहिले आणि, असं सांगतात, आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण बोललेलं खरं असावंसं वाटलं. पण तोंडातून सवयीने निघालं, “तुझी शपथ.”

“मला न्याल त्याच्याकडं?”

“पुढच्या पौषात.”

लग्न झालं.

खरी गोष्ट अशी होती, की कवड्या कोणत्याच पाटलाकडे नव्हता. हैबतीने तो घाटाखाली भानू तेल्याला विकला होता. डोळ्यांना झापडं बांधून तो घाण्याभोवती फिरत होता. लग्नानंतर पहिल्याच पौषात हैबती खरोखर त्याला आणायला गेला. भानू म्हणाला, “ने की. पण घाण्याला लागलेला बैल हा. झापडं काढली तरी गोलच फिरतो. बघून घे.” हैबतीने पाहिलं. तेलाने आणि काजळीने ठिपके पार बुजले होते, अंग काळं पडलं होतं. याला घरी नेलं तर पितळी घंटेचं काय सांगायचं? गुळाच्या खड्याचं काय सांगायचं? तो मोकळा परत फिरला आणि धुरपदाला म्हणाला, “पाटील गावाला गेलाय गं. पुढच्या पौषात जाऊ.”

चूक झाली ती तिथे. बैल सोडवण्यापेक्षा शब्द झाकणं त्याला सोपं वाटलं.

मग अशी बारा वर्षं गेली. पाव्हणं, खोटा बैल पोसणं खऱ्यापेक्षा महाग असतं. त्याला वैरण लागत नाही, पण रोज नवी गोष्ट लागते. शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या चढवल्या, मग पाटलाच्या नातवाला पाठीवर बसवलं, मग पुरातून गाडी ओढून काढली. धुरपदा सगळं ऐकायची आणि सगळं लक्षात ठेवायची. “मागं तर घंटा पितळी म्हणाला होतात, आता काशाची कशी?” ती निरागसपणे विचारी, आणि हैबतीला घंटा बदलल्याची आणखी एक गोष्ट रचावी लागे. दर पोळ्याला ती कवड्यासाठी एक नवा कासरा वळायची. भेटायला जाऊ तेव्हा न्यायचा म्हणून. घराच्या आढ्याला असे बारा कासरे लटकले होते. हैबती जेवायला बसला की ते बरोबर त्याच्या डोक्यावर यायचे.

तो थकला. बाजारातली जीभ तशीच चालायची, पण उंबऱ्याशी आला की पाय जड व्हायचे. त्याचा तिच्यावर जीव होता, तिच्याशी लबाडी केली ती या एका बैलापुरतीच. तिने चिडावं, संशय घ्यावा असं त्याला वाटे. ती फक्त म्हणायची, “चालायचंच. पुढच्या पौषात जाऊ.”

तेराव्या पौषात भानू तेली बैल घेऊन याच चिंचेखाली आला. “हैबतराव, याच्यानं आता ओढवत नाही. खाटीक मिळाला तरी चालंल. मोकळं करा मला.”

बैल हाडांचा सापळा झाला होता. काळा, तेलकट, डोळ्यांवर झापडं. हैबतीने तो पाहताक्षणी ओळखला. खाटीक पाच पावलांवर उभा होता आणि वाटेने धुरपदा भाकरी घेऊन येत होती. खाटकाला नुसती खूण केली असती तरी बास होतं. बैल गेला असता, आणि बैलासोबत तेरा वर्षांचा डोंगर उतरला असता. गोदाकाठचा कवड्या म्हातारा होऊन सुखाने मेला, एवढी एकच शेवटची गोष्ट रचायची होती.

धुरपदा जवळ आली. बैलाकडे बघून थबकली. तिने ओळखला नाही. ओळखणार कसा?

“अगंबाई, काय हाल केलेत मुक्या जिवाचे! कुणाचा हो हा?”

हैबतीने तोंड उघडलं. सगळा बाजार बघत होता, कारण हैबतीला उत्तर द्यायला कधी वेळ लागत नसे. म्हणे त्याची जीभ टाळूला चिकटली. खोटं निघेना, आणि खरं बोलायची त्या जिभेला सवय नव्हती. भानू म्हणाला, “अहो, बोला की हैबतराव! वहिनी काय विचारत्यात?”

हैबतीने धुरपदाचा हात धरला. कुणाला दिसू नये म्हणून की लाजेने, त्याने तिचाच पदर दोघांच्या हातांवर ओढला, आणि पदराखाली तिची बोटं बैलाच्या कानामागे नेऊन ठेवली. सुपारीएवढ्या गाठीवर.

तिची बोटं तिथे थांबली.

ती ओरडली नाही. तिने हात काढला, तसाच पदर भानू तेल्याच्या हातावर टाकला आणि पदराखाली त्याची बोटं दाबली. भानूचा चेहरा पांढरा पडला. त्याने दाव्याचं टोक तिच्या हाती दिलं आणि मागे न बघता घाट उतरला. तिने काय दिलं, किंवा काय बजावलं, ते भानूने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

धुरपदाने झापडं सोडली. बैलाचं तोंड घराच्या दिशेला केलं. बैलाने एक पाऊल सरळ टाकलं, दुसरं वाकडं, आणि तो चिंचेभोवती फिरायला लागला. वळवला, पुन्हा तेच. तेव्हा ती त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याच्यासोबत चालू लागली. हैबती मागून चालला. तिने पुन्हा बोलणं सोडलं होतं, आणि आता त्यानेही सोडलं.

दुसऱ्या दिवशी तसंच. उन्हाळा तसाच गेला. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पुढे बैल, बाजूला बाई, मागे नवरा. लोक आधी हसले. “हैबती, घाणा कुणाचा रं? तेल कुठं गळतंय?” तो चालत राहिला. पुढे लोकांनी हसणं सोडलं आणि पाणी आणून ठेवू लागले. सौदा करायला माणसं आली, की तो चालता चालता खांद्यावरचं फडकं पुढे करी. ते धुरपदाच्या त्या दिवशीच्या लुगड्याचं होतं. फडक्याखाली जो आकडा तो बोटांनी सांगे, तो खरा असे. घासाघीस संपली.

पाऊस झाला, गवत आलं, पण पायाखालच्या पट्ट्यात आलं नाही.

पोळ्याच्या दिवशी दुपारी बैल चालता चालता थांबला. मान वर करून त्याने हुंगलं. मग रिंगण ओलांडून सरळ चालू लागला. एकही पाऊल वाकडं नाही. हैबतीच्या दारी आला, आत शिरून बारा कासऱ्यांखाली उभा राहिला, पाणी प्याला आणि बसला. तो पुन्हा उठला नाही.

त्याला माती देऊन झाल्यावर दोघे उंबऱ्यात बसले. आठ महिन्यांनी धुरपदाने तोंड उघडलं.

“किती फेरे झाले?”

जुना हैबती असता तर लाखाच्या खाली उतरला नसता. त्याने हातांची माती झटकली.

“मोजले नाहीत,” तो म्हणाला. “पहिल्या दिवशी मोजत होतो, तुला सांगता यावं म्हणून. मग सोडून दिलं.”

“खरंच?”

त्याने शपथ घेतली नाही. नुसती मान हलवली. ती उठली, चुलीकडे गेली आणि आत गेल्यावर म्हणाली, “हात धुवा. भाकरी टाकते.”

आजही या बाजारात किंमत फडक्याखालीच ठरते, आणि फडक्याखाली दिलेला शब्द मोडलेला मी तरी पाहिला नाही. आजही पोळ्याला बैल या रिंगणाच्या कडेने नेतात, रिंगणावरून नेत नाहीत. त्यावरून माणसं चालतात, अनवाणी, तोंड मिटून, ज्यांनी कुणाला शब्द देऊन पाळलेला नाही अशी. फेरे किती, ते कुणी विचारत नाही. मीही कधी कधी दुकान लावण्याआधी चालून येतो.

ऊन उतरलं, निघा आता. तुम्ही वाकून बूट सोडताय, तेही मी बघितलं नाही असं समजा. फक्त एक विनंती आहे. घरी गेल्यावर, ज्याला ज्याला ‘पुढच्या पौषात’ म्हणून बसवून ठेवलं असेल, त्याचा हिशेब तेवढा चोख ठेवा.