बुडालेल्या घरांचं चित्र

खूप जुनी गोष्ट. समुद्राकाठी कोळ्यांचं एक गाव होतं, आणि समुद्र दर पावसाळ्यात ते थोडं थोडं खात होता. लाटा अडवायला दगडी बांध हवा होता. तो बांधणं राजाशिवाय कुणाच्या आवाक्यातलं नव्हतं.

राजा भला होता, पण लांबलचक गाऱ्हाणी ऐकायचा त्याला भारी कंटाळा. त्याचा हुकूमच होता, "काय सांगायचं ते कापडावर चितारून आणा."

गावात लग्नघरांच्या भिंती चितारणारी एक म्हातारी होती. सगळे तिला बाय म्हणत. तिनं कापड पसरलं आणि मोठ्या हौसेनं आपलं गाव काढायला घेतलं. जाळी विणता विणता भांडणाऱ्या बायका, वाळत घातलेले बोंबील, होडीत झोपलेलं कुत्रं, सगळं काढलं. मग निळ्या पाण्याखाली ती पांढरी घरं काढू लागली.

ते पाहून गावचा पाटील भडकला. "बाय, बुडालेली घरं कशाला? राजापुढे आपली शोभा होईल! मोठी कौलारू घरं काढ. बायकांच्या अंगावर सोनं काढ."

"जे गाव मी कधी पाहिलं नाही, ते कसं काढू?" बाय म्हणाली.

पाटलानं दवंडी पिटवली, की पांढऱ्या रंगासाठी बायला कुणी तांदूळ द्यायचे नाहीत. स्वतः मात्र परगावच्या चिताऱ्याकडून हवं तसं चित्र करून घेतलं. बाय कुणाशी भांडली नाही. किनाऱ्यावरचे शिंपले वेचून, भाजून तिनं चुना केला. हातांना फोड आले, तरी एकेक घर पुरं केलं. कुणी तिला हट्टी म्हणेल. मला तिचा हा हट्ट फार आवडतो.

दरबारात आधी पाटलाचं चित्र उलगडलं. राजा खूश झाला. "वा! इतकं सुखी गाव! मग माझ्याकडे काय मागायला आलात?"

पाटील घाईघाईनं आपलं चित्र गुंडाळू लागला. तेवढ्यात बायनं पुढे होऊन आपलं कापड पसरलं. भांडणाऱ्या बायका पाहून राजा हसला. मग त्याची नजर पाण्यापाशी थांबली.

"हे खाली काय आहे?"

"घरं, महाराज. एकोणीस आहेत. नारळी पौर्णिमेला आम्ही यांच्या नावानंही समुद्राला नारळ देतो. तीही आमच्या गावातलीच."

"यात तुझं घर कुठलं?"

बायनं निळ्या रंगावर बोट ठेवलं. "हे. माझा लेक आणि सून आत होती."

दुसऱ्याच दिवशी राजानं गवंडी धाडले. पहिला दगड पाटलानं स्वतःच्या डोक्यावरून आणला. पुढच्या पावसाळ्यात लाटा बांधावर आपटल्या आणि मागे फिरल्या. त्या वर्षी गावातलं एकही घर गेलं नाही.

ज्याचं आपल्या गावावर खरं प्रेम असतं, तो गावाचं दुःख झाकत नाही.