डिशने आणलेलं इंटरनेट

घराघरावर डिश मिरवायच्या, त्या काळची गोष्ट. वैजयंताबाईंच्या गच्चीवरची डिश शेजारच्या टेलिफोनच्या वायरीला बघून नाक मुरडायची. घरात इंटरनेट घ्यायचं ठरलं, तशी भंगारात जायच्या भीतीनं डिश ओरडली, “मीच देते की! थेट आभाळातून!”

बाईंनी लगेच विचारलं, “पाक कडक झालाय, लाडू कसे वळू?”

डिश गांगरली. जन्मभर तिनं आभाळाचं नुसतं ऐकलं होतं. वर काही विचारणं तिला जमतच नव्हतं. ती हळूच म्हणाली, “वायरताई, एवढा प्रश्न पोचवतेस? उत्तर मी आणते.”

वायरीनं प्रश्न नेला आणि येताना उत्तरही आणलं. “दुधाचा हबका मारा म्हणावं. रिकाम्या हातानं कशाला परतू?”

लाडू झकास वळले. डिशही भंगारात गेली नाही. तिच्यात आता सांडगे वाळतात. तोंड मात्र अजून आभाळाकडेच.