शोकेसमधला शेवटचा पेला

टीव्ही नुकतेच भिंतीवर चढले होते, तेव्हाची गोष्ट. मोकाशांच्या लहानशा हॉलमधल्या शोकेसमध्ये काचेचा एकच पेला उरला होता. त्याचे पाच भाऊ एका मोठ्या स्पीकरने पहिल्याच गाण्यात फळीवरून खाली पाडले होते. तो स्पीकर परत गेला आणि आज स्वस्तातल्या दोन छोट्या स्पीकरची जोडी आली. पेल्याला कापरंच भरलं.

"आम्हीही घाबरलोय," जोडीतला एक पुटपुटला. "दुकानातला एक मोठा स्पीकर म्हणाला, घर हादरवलं नाहीत, तर आजच्या आज खोक्यात परत याल."



मोकाशांनी गाणं लावलं आणि आवाज पूर्ण वाढवला. फळी थरथरली, पेला काठाकडे सरकू लागला. दोघा स्पीकरनी ते पाहिलं आणि घाईघाईने आवाज आवरला.

"छे, यात दमच नाही! खोकं कुठंय?" मोकाशी म्हणाले.

"थांबा हो," त्यांच्या पत्नी वासंतीबाई म्हणाल्या. "या गाण्याचे शब्द मला आज पहिल्यांदा कळले."

खोकं वॉरंटी संपेपर्यंत म्हणून हॉलच्याच माळ्यावर गेलं आणि तिथंच राहिलं. अजूनही गाणं लागलं की दोघे आधी त्या खोक्याकडे बघतात, मग पेल्याकडे, आणि मगच गातात.