दसपट डिस्प्रोशियम

“मग मी घातलेलं डिस्प्रोशियम गेलं कुठं, मॅडम?”

सत्यजित मगदूमने अहवाल टेबलावर जवळजवळ आपटलाच. मुलगा हुशार. आपण हुशार आहोत हे दुसऱ्या कुणी सांगेपर्यंत थांबणं मात्र त्याला जमत नसे.

कोल्हापूरजवळच्या त्या प्रयोगशाळेत खोत मॅडम तीस वर्षं सेमीकंडक्टरचे थर वाढवत होत्या. भट्टीत इंडियम वितळवायचं, त्या रसात थराचा माल विरघळवायचा आणि सावकाश थंड होऊ द्यायचं. मग चकतीवर स्फटिकाचा पातळ थर बसतो. या खेपेला सत्यजितने रसात चिमूटभर डिस्प्रोशियम टाकलं होतं. हा दुर्मिळ मृदा धातूंपैकी एक. तो थरात उतरणार आणि थर सुधारणार, असं तो महिनाभर सगळ्यांना सांगत फिरला होता.

थरात त्याचा कणही सापडला नव्हता.

“शुक्रवारी भट्टी शेवटची मिळणार. त्यावरच माझा प्रबंध. दसपट घालू?”

“थर कसा आलाय?”

“त्यात डिस्प्रोशियमच नाही, मॅडम.”

“ते नाही विचारलं.”

सत्यजितने अहवालाचं दुसरं पान उघडलं. पहिल्यांदाच.

“ऑक्सिजन... जवळजवळ नाही. गंधक नाही. सिलिकॉन...” त्याचा आवाज खाली आला. “इतका स्वच्छ थर आपल्याकडं कधीच आला नव्हता.”

मॅडमनी टाकाऊ मालाच्या डब्यातून एक काळपट गोळा काढून त्याच्यापुढे ठेवला. थर वाढवून उरलेलं इंडियम होतं ते.

“हे तू फेकलंस. तुझं डिस्प्रोशियम यात आहे. घाण धरून बसलंय.”

त्याने गोळा हातात घेऊन उलटसुलट फिरवला.

“तुमच्या गुऱ्हाळात उसाच्या रसात भेंडीचं पाणी घालतात ना?”

गुऱ्हाळाचा विषय इथे निघालेला त्याला आवडला नाही.

“घालतात. मळी वर यायला.”

“गुळात भेंडी लागते?”

“लागली तर आमचे आण्णा गुळव्याला हाकलूनच देतील!”

बोलला, आणि स्वतःच हसला. महिनाभराची धाकधूक एकदम गेली. तेवढ्यावर तो उठला असता तर किती बरं झालं असतं.

“मग तर शुक्रवारी दसपटच घालतो, मॅडम. अजून स्वच्छ येईल!”

मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढून त्याच्या हातात दिला.

“पूस.”

त्याने रुमालाने पुसला. काच लख्ख झाली.

“अजून.”

त्याने पुन्हा पुसला.

“अजून.”

“स्वच्छ झालाय, मॅडम.”

“अजून.”

त्याला राग आला. रुमाल टेबलावर टाकून त्याने अंगठ्यानेच काच खसाखसा घासली आणि चष्मा पुढे केला.

मॅडमनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

“आता हा डाग कुणाचा?”