मनाजीची हवा

एका गावात एक भोळा शिपाई राहत होता. नाव मनाजी. त्याच्याकडे वडिलांची एक काळी सायकल होती. दोघांत शहाणं कोण, असं कुणी विचारलं तर गावातले लोक सायकलीकडे बोट दाखवत.

मनाजीची कचेरी तालुक्याला, गावापासून सहा किलोमीटरवर. पण तो सायकल वर्षातून एकच महिना चालवायचा. याला कारण त्याचा बाप, आबा. आबानं शेवटच्या आजारपणात त्याला जवळ बोलावून सांगितलं होतं, "पोरा, एक ध्यानात ठेव. हवा बघितल्याबिगर सायकल भाईर काढायची न्हाई."

आबा बोलला चाकाबद्दल. मनाजीनं बघितलं आभाळाकडे.

तेव्हापासून पावसाळ्यात हवा वाईट म्हणून सायकल घरात, आणि मनाजी चिखलातून चालत. हिवाळ्यात हवा बोचरी म्हणून सायकलीवर घोंगडी, आणि मनाजी कुडकुडत चालत. वैशाखात हवा तापलेली म्हणून सायकल माठाशेजारी गारव्याला, आणि मनाजी उन्हात चालत. उरला शिवरात्र ते पाडवा एवढा काळ. आंब्याला मोहोर, बांधावर पांगारा फुललेला, हवा कशी झकास. तेवढे दिवस मनाजी सायकलवर बसायचा आणि आबाची आठवण काढायचा.

त्या वर्षी जिल्ह्याला नवे बडे साहेब आले. त्यांना सायकलचं वेड. त्यांनी परिपत्रक काढलं : 'वसंत ऋतूत सर्व कर्मचाऱ्यांनी कचेरीत सायकलने यावे.' खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हवामान अनुकूल असल्यास.'

हे बारीक अक्षर सगळ्या कचेरीनं वाचलं. हेडक्लार्क वाघोलीकरांच्या गुडघ्यात हवामान अनुकूल नव्हतं, ते बसनं येत राहिले. कचेरीचे मुख्य कारखानीस साहेब, त्यांची नवी कोरी सायकल जीपच्या टपावर बसून यायची. कचेरीच्या अलीकडच्या पिंपळाखाली ती उतरायची, साहेबही उतरायचे, आणि तिथून फाटकापर्यंत सायकल चालवत यायचे. फाटकात फोटो काढायला माणूस उभा असायचा. खरोखर घरापासून सायकलवर येणारा कचेरीत एकच होता, आणि तो परिपत्रकाच्या आधीपासून येत होता.

कारखानीस साहेबांनी त्याला बोलावलं.

"मनाजी, रोजंदारीवर किती वर्षं झाली तुला?"

"अकरा, साहेब."

"पाडव्याच्या आदल्या दिवशी बडे साहेब येतायत. त्यांना खराखुरा सायकलवाला दाखवायचाय. तोपर्यंत रोज सायकलवर ये. एकही खाडा नको. त्यांच्या सहीनं तुला कायम करण्याचा हुकूम काढतो."

मनाजीनं घरी येऊन बायकोला सांगितलं. कौसा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. गेल्या साली मनाजी आठ दिवस तापानं पडला, तर आठ दिवस रोज बुडाला आणि चूल एकवेळच पेटली. ते ती विसरली नव्हती.

"कायम?" ती म्हणाली. "म्हंजी आजारी पडलात तरी नोकरी ऱ्हाणार?"

"ऱ्हाणार."

"कायम," कौसा पुन्हा म्हणाली आणि तव्यावरची भाकरी करपली तरी हसत राहिली.

दुसऱ्या दिवशी मनाजीनं आभाळाकडे बघितलं. हवा एकदम चांगली. सायकलीतली हवा मात्र रोज थोडी थोडी जाऊन पुरती गेली होती, दोन्ही चाकं चपटी. त्यांच्याकडे बघायला आबानं कुठं सांगितलं होतं? तो निघाला. सहा किलोमीटर सायकल खडखडत राहिली आणि तो वर बघत राहिला. तालुक्यात शिरताना रज्जाकभाईंचं सायकलचं दुकान लागलं. त्यांनी हात धरून खाली उतरवलं.

"अरे बाबा, रिम वाकली की! हवा बघायची की न्हाई?"

"बघितली की, चाचा. ढग न्हाई, काय न्हाई."

रज्जाकभाईंनी कपाळाला हात लावला. "हवा वर न्हाई बघायची. अंगठ्यानं दाबून बघायची. घट्ट लागली तर ठीक. मऊ लागली तर भरायची." मग त्यांनी रिम सरळ केली, हवा भरली आणि एक जुना पंप त्याला देऊन टाकला.

"समजलं," मनाजी म्हणाला. मनाजीला समजलं की दुसऱ्या कुणाला तरी भोगावं लागायचं.

त्याच दुपारी कारखानीस साहेब कपाळ पुसत म्हणाले, "मनाजी, या खोलीत हवाच नाही रे!"

मनाजीनं अंगठा पुढं केला. भिंत दाबली. घट्ट. टेबल दाबलं. घट्ट. साहेबांचं पोट दाबलं.

मऊ.

त्यानं पंप आणला, नळी साहेबांच्या कॉलरीत खुपसली आणि भरायला सुरुवात केली. सदरा फुगला. टेबलावरचे कागद उडाले. साहेब खुर्चीसकट मागं सरकत भिंतीला टेकले.

"गाढवा! हवा नसली की उघडायचं! जे बंद दिसेल ते उघडायचं!"

"समजलं, साहेब."

सकाळी मनाजीनं चाकं दाबून बघितली. जरा मऊ. म्हणजे हवा नाही. मग बंद काय दिसतंय ते शोधलं. दोन वाल्व्ह दिसले. दोन्ही उघडले आणि हवा आत शिरायची वाट बघत ओट्यावर बसला. नऊ वाजले, दहा वाजले. कौसानं विचारलं, "अवो, जायचं न्हाई का?" तो म्हणाला, "हवा येतीया. जरा दम धर." शेवटी सायकल ढकलत बारा वाजता रज्जाकभाईंकडे पोचला.

रज्जाकभाई दुपारच्या नमाजाला निघाले होते, ते परत आले. "बाबा रे, वाल्व्ह घट्ट बंद ठेवायचा. आतलं बाहेर जाता कामा नये. कितीही फुसफुसलं तरी सोडू नको."

"समजलं, चाचा."

तो कचेरीत पोचला. साहेब आत होते. मनाजीनं दाराला बाहेरून कडी घातली आणि पाठ टेकून उभा राहिला.

एक वाजता साहेबांना जेवायला जायचं होतं. त्यांनी दार ओढलं, मग ठोठावलं. मग फटीला तोंड लावून, बाहेरच्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून, हलक्या आवाजात शिव्या दिल्या.

"फुसफुसतंय," मनाजी वाघोलीकरांना म्हणाला, "पर सोडणार न्हाई."

वाघोलीकरांना साहेबांकडून रजेचा अर्ज नामंजूर होऊन आला होता. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. घट्ट धर." आणि जेवायला निघून गेले. साहेब साडेचारला बाहेर आले ते भुकेनं लाल होऊन.

त्याला तिथंच काढून टाकायचं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण बड्या साहेबांना दाखवायला दुसरा सायकलवाला कुठून आणायचा? वाघोलीकरांना? साहेबांनी राग गिळला. उपाशी पोटात तेवढंच गेलं.

"हे बघ, मोठं कुणी समोर आलं की बाजूला व्हायचं! वाकायचं! आणि ते पुरतं जाईपर्यंत जागचं हलायचं नाही!"

"समजलं, साहेब."

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पहिली मोठी एसटी आली. मनाजी उतरला, बाजूला झाला, वाकला. एसटी गेली. मग उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांचा. मनाजी दोनदा वाकला. त्याच्यामागं कारखान्याकडे निघालेले आणखी सतरा ट्रॅक्टर होते. मग म्हशी आल्या. म्हशी मनाजीपेक्षा मोठ्या होत्या यात शंका नाही, आणि त्यांना घाईही नव्हती. एक तर त्याच्यासमोर उभी राहून रवंथ करू लागली. मनाजी वाकून उभा. तो कचेरीत पोचला तेव्हा कुलूप लावायची वेळ झाली होती. खाडा मांडता मांडता राहिला.

कौसाला हे कळलं. इतक्या जवळ आलेलं कायमपण एका म्हशीपायी जातंय की काय, असं तिला वाटलं.

"अवो, रस्त्यात कुणासाठी थांबायचं न्हाई! कुणी हाक मारली, कुणी आडवं आलं, तरी पायडल मारायचं. एकदम साहेबाच्या टेबलाम्होरं जाऊनच थांबायचं."

"समजलं, कौसे."

खरं सांगायचं तर त्या दिवशी मनाजी पहिल्यांदा वेळेवर पोचला. फाटकात तो थांबला नाही. फोटोवाला ओरडला, थांबला नाही. तीन पायऱ्या होत्या, त्या चढला. व्हरांड्यात वाघोलीकर आडवे आले आणि दुखऱ्या गुडघ्यानं अशी उडी मारली की बघणाऱ्यांना नवल वाटलं. मनाजी दारातून आत शिरला आणि साहेबांच्या टेबलासमोर येऊन थांबला. थांबला म्हणजे ब्रेक नव्हता म्हणून टेबलानं थांबवला. चहाचा कप सांडला आणि सायकलच्या परिपत्रकावर सायकलच्या चाकाचा ठसा उमटला.

कारखानीस साहेबांनी त्या ठशाकडे बघितलं. पाडव्याला तीनच दिवस उरले होते. त्यांनी ते बोटांवर मोजले आणि दुसरा चहा मागवला.

बडे साहेब यायचा आदला दिवस उजाडला. मांडव घातला होता. फाटकाशी सायकली रांगेत लावल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच दुकानातून आणलेल्या. साहेब सगळ्यांना म्हणाले, "उद्या आपल्या कचेरीची हवा झाली पाहिजे! भरपूर हवा! कुठं कमी पडता कामा नये!"

मनाजीनं पंप उचलला.

पहिल्या पाच सायकली वाचल्या, कारण त्यांना ट्यूबच नव्हत्या. सहावी कारखानीस साहेबांची. मनाजीनं अंगठ्यानं दाबून बघितलं. घट्ट होती. पण साहेब भरपूर म्हणाले होते. तो भरत राहिला. असा आवाज झाला की पिंपळावरचे सगळे कावळे उडाले आणि वाघोलीकर टेबलाखाली सापडले.

फाटलेलं चाक खांद्यावर घेऊन मनाजी रज्जाकभाईंकडे गेला. रज्जाकभाईंचा जीव या भोळ्या माणसावर होता. त्याचा आबा त्यांचा दोस्त. त्यांनी त्याला समोर बसवला, चहा पाजला आणि हळूहळू समजावलं.

"बाबा, हवा बेताची असावी. ती कायम ऱ्हात न्हाई. आज भरली, उद्या गेली. जास्त झाली तर मोठा आवाज हुतो आन् फाटतं. कुणी कितीबी विचारलं, हवा का, अजून हवा का, तर हात जोडायचे आन् म्हणायचं, नको, पुरे."

"समजलं, चाचा," मनाजी म्हणाला. आणि या वेळी त्याला खरंच शब्द न् शब्द समजला होता.

दुसऱ्या दिवशी कौसानं सायकलच्या हँडलला हळदकुंकू लावलं. मनाजीच्या डोक्यावर धुतलेली टोपी ठेवली. "मोठ्ठं साहेब इचारतील त्याचं नीट उत्तर द्या. गप ऱ्हाऊ नका. आज मी उद्याच्या गुढीची काठी धुऊन ठेवते. दोन सण एकदम करू." तिचे डोळे भरून आले. मनाजीनं तिच्याकडे बघून मान डोलवली आणि निघाला. वाटेत कुठंही चुकला नाही. हवा वर बघितली, खाली बघितली, मोठ्यांना वाट दिली, म्हशींना वळसा घातला, सायकल बाहेर लावली. असा शहाणा मनाजी कचेरीनं कधी पाहिला नव्हता.

बडे साहेब मोटारीतून आले. मोटारीच्या मागं सायकल बांधली होती. फाटकापासून मांडवापर्यंत ते सायकलवर आले आणि उतरल्यावर त्यांना पाणी दिलं. मग त्यांनी सायकलीवर पाऊण तास भाषण केलं. शेवटी मनाजीला मंचावर बोलावलं. टाइप केलेला हुकूम समोर होता. बड्या साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि माइकमधून कारखानीसांना विचारलं, "हा माणूस आपल्याला कायम हवा का?"

"हवा, साहेब!" कारखानीस म्हणाले. टाळ्या पडल्या.

बडे साहेब खूश झाले. त्यांनी माइक मनाजीच्या तोंडाशी धरला. "काय मनाजी? तू बोल. कायम हवा ना?"

मनाजीनं हात जोडले.

"नको, साहेब. पुरे."

मांडवात हशा पिकला. गरीब माणूस लाजतोय, असं बड्या साहेबांना वाटलं. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे, लाजू नकोस! कायम हवा ना?"

गप राहायचं नाही, असं कौसानं बजावलं होतं. मनाजी माइकजवळ सरकला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "साहेब, कायम हवा कुणाचीच ऱ्हात न्हाई. आज भरली, उद्या गेली. जास्त झाली तर मोठा आवाज हुतो आन् फाटतं."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मधली रांग हसली. मग वाघोलीकर हसले, आणि ते हसले म्हटल्यावर सगळी कचेरी हसली. बडे साहेब एकटे हसत नव्हते. त्यांनी पेनाचं टोपण घट्ट बसवलं, हुकुमाचे चार तुकडे केले आणि सायकल तिथंच विसरून मोटारीत बसले. पुढं वैशाखात त्यांची बदली झाली, परिपत्रक रद्द झालं आणि तालुक्यातल्या सगळ्या सायकली माळ्यावर चढल्या. लोक तेव्हा म्हणाले, मनाजी बोलला ते खरं झालं. पण खरं बोलल्याबद्दल कुणाला कायम करतात, असं अजून तरी ऐकिवात नाही.

संध्याकाळी मनाजी घरी आला. अंगणात धुतलेली काठी भिंतीला टेकवून वाळत ठेवली होती. कौसा दारातच उभी.

"झाला का हुकूम?"

"साहेब दोनदा म्हणाले, कायम हवा ना, कायम हवा ना. लई आग्रह केला. मी हात जोडून सांगितलं, नको, पुरे."

कौसा उंबऱ्यावर बसली. पदर तोंडाला लावून नुसती रडली. अकरा वर्षं गेली होती आणि बारावं समोर उभं होतं. मग तिनं तोंड वर केलं.

"अवो," ती म्हणाली, "तुमच्या डोक्यात हाय तरी काय?"

मनाजीनं टोपी काढली. अंगठ्यानं डोकं इकडून दाबलं, तिकडून दाबलं, आणि समाधानानं म्हणाला, "काळजी करू नगंस. घट्ट हाय. हवा बराबर हाय."