पातेल्याची कल्हई

घरोघरी चुली होत्या, तेव्हाची ही गोष्ट. सारजाबाई चुलीतली राख चाळायची, रिठ्याच्या पाण्यात कालवायची आणि तिनेच भांडी घासायची. फुकटचं काम, पण चोख.

एकदा घरात भांडी उजळायच्या तेजाबी पाण्याची दुकानातली निळी बाटली आली. पितळी पातेलं राखेला म्हणालं, "तुझ्या नादात माझा जन्म मळकट गेला. बाटली बघ, दोन थेंबांत आरसा करते."

"बाहेरून करू दे," राख म्हणाली. "आत मात्र शिरू देऊ नकोस. आत कल्हई आहे, तिच्यामुळेच तुझ्यात आंबट कळकत नाही. तिला जपते म्हणून मी सावकाश घासते."

"जळक्या लाकडाने मला शिकवू नये."

दुसऱ्या दिवशी पातेल्याने आतला डाग मुद्दाम धरून ठेवला. राख घासून घासून दमली. सारजाबाईने वैतागून बाटली आतच ओतली. पातेलं लखलखलं आणि कल्हई धुऊन गेली.

त्या दुपारी त्यात केलेली कढी हिरवी पडली. घर उपाशी राहिलं. सारजाबाईने पातेलं नेऊन परसातल्या राखेच्या ढिगावर पालथं घातलं.

"मी अजून चमकतंय ना गं?" पातेल्याने विचारलं.

"चमकतंस," राख म्हणाली.

त्याला पुन्हा कोणी कल्हई लावून घेतली नाही, की त्यात काही शिजवलं नाही.