आधी शेवटचं शेत

एका गावात एक पाट होता आणि त्या पाटाला एक नियम होता. नदीच्या बंधाऱ्यातून निघालेलं पाणी आधी पाटलांच्या शेताजवळून जाई आणि गावाबाहेरच्या शेवटच्या वस्तीपाशी संपे. पण पाणी सुटलं की पहिली पाळी शेवटच्या शेताची. ते भिजलं की त्याच्या वरचं, मग त्याच्याही वरचं, आणि सगळ्यांत शेवटी पाटलांचं. जुन्या माणसांनी घालून दिलेली ही रीत पाटीलही मोडत नसत. उलट पाहुणा आला की मिशीवरून हात फिरवत त्याला पाट दाखवायला नेत.

त्याच गावात राजाची शाळा होती. फी नाही, मज्जाव नाही, दार सगळ्यांना उघडं. आतला कारभार मात्र उलटा. मोठ्या घरांतली मुलं पुढे बसत आणि शेवटच्या वस्तीतली दाराशी, चपलांच्या शेजारी. पुढच्या चौघांना धडा आला की गुरुजी पान उलटत. दाराशी बसलेली मुलं दोन-तीन वर्षांत गळून जात आणि गाव म्हणे, बिचाऱ्यांच्या डोक्यातच शिरत नाही. नुसतं हळहळायला काही खर्च येत नाही, म्हणून गाव अगदी मनापासून हळहळत असे.

मग या शाळेवर नव्या बाई आल्या. बाई हुशार होत्या, पण खरं सांगायचं तर पहिले काही महिने त्यांनीही तेच केलं. पटकन उत्तर देणारी मुलं कुणाला आवडत नाहीत? पाटलांचा नातू यशवंता तर प्रश्न संपायच्या आत हात वर करी. बाई खूश, पाटील खूश.

एक दिवस शाळा सुटल्यावर वस्तीतली धुरपी बाईंपुढे येऊन उभी राहिली. कडेवर धाकटा भाऊ.

"बाई, उद्यापास्नं मी येत न्हाई. आई म्हणती, तुला काय येत न्हाई तर बाळाला तरी सांभाळ."

बाईंनी तिला बसवून घेतलं आणि हळूहळू सगळं काढून घेतलं. धुरपीची आई पहाटेच पाटलांच्या घरी पाणी भरायला, दळण दळायला जाई. म्हणून यशवंता न्हाऊन, जेवून वेळेवर शाळेत येई. आणि म्हणूनच धुरपी घरचं आवरून, बाळाला खाऊ घालून, निम्मा धडा झाल्यावर दाराशी टेकत असे. एकाच बाईच्या कष्टांवर एक मूल हुशार ठरत होतं आणि दुसरं ढ. बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

त्या दिवशी घरी जाताना त्या पाटाच्या कडेने निघाल्या. पाटलांचा ऊस सुकला होता आणि पाणी त्याच्या पायाशी वाहत सरळ वस्तीकडे चाललं होतं. पाटील बांधावरच होते. असं का, म्हणून बाईंनी विचारलं.

"आधी शेवटचं शेत, बाई," पाटील म्हणाले. "जवळच्यानं आधी घेतलं, की त्याचं कधी पुरंच होत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून शाळेची घंटा वस्तीतली मुलं पोचल्यावर वाजू लागली. ओसरीत एक झोळी बांधली गेली आणि धुरपीचा भाऊ तिच्यात झोपू लागला. दाराशी बसलेल्यांना समजल्याशिवाय बाई पान उलटेनात. पुढच्यांना कंटाळा आला, तर त्यांनी मागे जाऊन समजावून सांगायचं. यशवंताच्या वाट्याला धुरपी आली. पहिल्या दिवशी तो रडकुंडीला आला, कारण त्याला उत्तर येत होतं, पण ते का येतं हे सांगता येत नव्हतं.

नातवाची तक्रार ऐकून पाटील तणतणत शाळेत आले. नातवाला राजधानीच्या विद्यालयात धाडायचं होतं. इथे तर पोरगं मागेच पडणार, तपासनीस आले की तुमची बदली करायला लावतो, असं त्यांनी बजावलं. बाईंना ही नोकरी गेली तर दुसरी नव्हती.

"पाटील, रीत तुमच्याच पाटाची आहे," त्या एवढंच म्हणाल्या.

"पाणी वेगळं, विद्या वेगळी," म्हणत पाटील निघून गेले.

यथावकाश राजाचे तपासनीस आले. पाटील शेजारी खुर्ची टाकून बसले. तपासनीसांनी नेहमीप्रमाणे पुढच्या ओळीकडे बोट केलं. बाई गप्प राहिल्या असत्या तर यशवंताने फडाफड उत्तरं दिली असती, शाबासकी मिळाली असती आणि नोकरीही टिकली असती. बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "आधी शेवटची ओळ."

धुरपी उभी राहिली. कधी न पाहिलेलं पान तिच्या हाती दिलं गेलं. ती सावकाश वाचत गेली, एका जोडाक्षरावर अडखळली, थांबली, मागे जाऊन पुन्हा वाचू लागली आणि शेवटापर्यंत पोचली. पुढच्या ओळीत यशवंताने रोखून धरलेला श्वास सोडला. मग त्याची पाळी आली. त्याने उत्तर तर दिलंच, पण न विचारता ते का तसं येतं हेही नीट समजावून सांगितलं. रोज धुरपीला सांगून सांगून ते त्याच्या अंगात मुरलं होतं.

बदलीचं काय ते आता पाटलांनीच बोलायचं होतं. तपासनीसांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"शेवटच्या शेतापर्यंत पाणी न्यायचं, तर वाटेतला सगळा पाट भिजतो," पाटील म्हणाले. "जन्मभर डोळ्यांनी बघतोय मी हे. बाईंना इथनं हलवू नका."

घरी जाऊन त्यांनी धुरपीच्या आईला सांगितलं, की पोरांना शाळेत धाडून मग कामाला येत जा, सकाळचं पाणी आम्ही भरू. पहिल्या दिवशी पाटलांनी स्वतः घागर उचलली आणि अर्धी अंगावर सांडून घेतली.

तात्पर्य इतकंच: दार सगळ्यांना उघडं असलं म्हणून शाळा सगळ्यांची होत नाही. जी दाराशी बसलेल्या मुलापासून सुरुवात करते, तीच सगळ्यांची होते, आणि त्यात पुढे बसलेल्याचंही भलंच होतं.